अकरा बार

सुरुंग लावणाऱ्याचे खरे काम वात पेटवल्यानंतर सुरू होते. वाती कमी-जास्त लांबीच्या कापलेल्या असतात, त्यामुळे बार एकदम न उडता एकामागून एक उडतात. आणि ते उडत असताना आडोशाला बसून मोजायचे असतात. अकरा भोके भरली असतील तर अकरा बार ऐकू आले पाहिजेत. दहाच आले, तर एक भोक खडकाच्या पोटात दारू आणि ती पेटवणाऱ्या टोपीसकट जिवंत आहे, आणि त्या भिंतीजवळ कोणी फिरकायचे नाही. अकरा आले, तर बारवाल्याने उभे राहून पांढरे फडके हलवायचे. त्या फडक्यावर भरवसा ठेवून तीसेक माणसे खाणीत उतरत.

बारवाल्याने एकवीस वर्षे ते फडके हलवले. त्यांतली शेवटची दोन वर्षे त्याला काहीही ऐकू येत नव्हते.

कान एका दिवसात गेले नाहीत. आधी पाखरे गेली, मग बायकोचा आवाज, मग हातोडे. तो ओठ वाचायला शिकला, आणि इतका चांगला शिकला की कोणाला संशय आला नाही. बार तो तळपायांनी मोजत असे आणि डोळ्यांनी. जमीन हादरली, धुळीचा लोट उठला, की एक. पण सुटलेली मोठी शिळा खाली आपटली तरी जमीन तशीच हादरते आणि धूळही तशीच उठते. त्या दिवशी पूर्वेच्या भिंतीवर नऊ बार उडाले आणि दोन शिळा कोसळल्या. बारवाल्याने अकरा मोजले आणि फडके हलवले.

दुपारी त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा पाठचा भाऊ, त्या भिंतीवर ड्रिल घेऊन चढला. स्फोटानंतर त्याचा जबडा आणि उजवा खांदा वीस पावलांवरच्या खडीच्या ढिगात सापडला. ते गोळा करायला दुसरे कोणी पुढे होईना, म्हणून बारवाल्यानेच गोळा केले. चौकशीला तीन साहेब आले. त्यांनी विचारले, "किती मोजले?" त्याने त्यांच्या ओठांकडे पाहत सांगितले, "अकरा." मग निष्कर्ष सोपा होता. मेहुण्याच्या खिशात चोरून ठेवलेली सुरुंगाची दारू असणार, तोंडात सिगारेट असणार. मेहुण्याची बायको दोन मुलांना घेऊन वस्ती सोडून गेली, आणि बारवाल्याच्या बायकोला आठ वर्षे ऐकावे लागले की तुझा भाऊ आपल्या हाताने मेला.

पाचव्या दिवशी बारवाला एकटाच त्या भिंतीपाशी गेला होता. बार उडाला की भोकाची अर्धी नळी खडकावर राहते, उभ्या चिरलेल्या बांबूसारखी. अशा नळ्या त्याने मोजल्या. नऊ. दहाव्या जागी मेहुण्याचा खड्डा होता. अकरावे भोक अख्खे होते, तोंडाशी ठासलेल्या मातीसकट. अकराव्याबद्दल सांगायचे म्हणजे दहाव्याबद्दल सांगणे आले. त्याने भोकाच्या तोंडात हलक्या हाताने एक दगड बसवला, वर चिखल फासला आणि घरी येऊन जेवला. पुढे खाण बंद पडली. त्या भिंतीला आता कोण कशाला ड्रिल लावेल, असे त्याने स्वतःला समजावले.

आठ वर्षांनी त्याची लेक त्याच खाणीत किडे बसवायला आली.

तिने शहरात ध्वनीचे शिक्षण घेतले होते आणि गेली काही वर्षे ती किड्यांच्या आवाजांमागे होती. उतारावर उगवलेल्या झुडपांत ती दिवसदिवस पालथी पडून राही, देठांना बोराच्या बीएवढे माइक चिकटवून. किड्यांचे बहुतेक बोलणे हवेतून जातच नाही, ती सांगे. ते फांदीतून, देठातून, मातीतून जाते, आणि आपण उगाच कानाने ऐकत बसतो. नगरपालिकेने तिला बंद खाण वर्षभरासाठी दिली होती. खडकात लोखंडी सळया रोवायच्या, प्रत्येक सळईला एक यंत्र बसवायचे, आणि यंत्राने सळई किड्याच्या आवाजात थरथरवायची, म्हणजे सगळा खडक बोलू लागेल. लोकांनी यावे, खडकाला कान किंवा तळहात लावावा.

मदतीला तिने जुना ड्रिलवाला घेतला होता. ड्रिल धरला की त्याचे लांब पाय गुडघ्यांत वाकून नाचत, म्हणून सगळी खाण त्याला टोळ म्हणे. त्या यंत्रांना 'थरथऱ्या' हे नाव त्यानेच दिले.

"उस्ताद," तो बारवाल्यासमोर तोंड नेऊन, ओठ नीट हलवत म्हणाला, "जन्मभर दगड फोडला. आता तुमची लेक त्याच दगडाला किरकिर शिकवायला लावतेय. म्हातारपणी किडामुंगी झालो बघा आपण."

"तू आधीपासूनच होतास," बारवाला म्हणाला.

लेकीने त्याला हाताला धरून पहिल्या सळईपाशी नेले. "बाबा, हात ठेवा. हे सगळं मी मुळात तुमच्यासाठी केलंय, लोक नंतर."

त्याने तळहात ठेवला. थरथर मनगटातून कोपरापर्यंत चढली, बारीक, धारदार, न थांबणारी. दुपारच्या उन्हात झाडाच्या सालीला चिकटून करवत चालवल्यासारखा ओरडणारा तो किडा होता. चाळिशीनंतर त्याने तो ऐकला नव्हता. आता तो हाडातून ऐकू येत होता. त्याने दुसरीकडे बघत नाक शिंकरले.

"आता ही दुसरी. ही वाळवी. वारुळावर कोणी चालून आलं की शिपाई वाळव्या जमिनीवर डोकी आपटतात. आतल्यांना कळतं, पळा. किती वेळा आपटतात, मोजा बरं."

त्याने तळहात ठेवला आणि जुन्या सवयीने नजर तिच्या पायाकडे गेली. तिचा अंगठा ताल धरत होता.

"सात," तो म्हणाला.

लेक हसली. "पाच! पुढचे दोन माझ्या पायाचे. टोळकाका, बघा, बाबा अजून डोळ्यांनीच मोजतायत!"

टोळही हसला. बारवाल्याने चटका बसल्यासारखा हात काढून घेतला. दोघांच्या चेहऱ्यांवर गंमतीखेरीज काही नव्हते, हे त्याने दोनदा पाहून घेतले.

"वाळवीसाठी मला फार सुंदर जागा सापडलीये," लेक सांगत होती. "पूर्वेच्या भिंतीत. बाकीची भोकं अर्धी फाटलेली आहेत, हे एकच अख्खं आहे. कोणीतरी तोंडात दगड बसवलाय. बाजूला हातोडी मारून माइक लावला तर तिथला खडक वेगळाच बोलतो. दबका. पोटात काहीतरी धरून ठेवल्यासारखा. परवा टोळकाका ड्रिल लावून मोकळं करणार."

"ती भिंत कच्ची आहे."

"इंजिनिअर बघून गेलाय."

"मी सांगतो ना, तिथं लावायचं नाही."

"का पण?"

उत्तर चार शब्दांचे होते. ते भोक भरलेले आहे. पण त्या चार शब्दांच्या मागे पाचवा होता, सहावा होता, आणि त्यांच्या मागे बायकोचा चेहरा होता. टोळ भिंतीकडे नाही, त्याच्या तोंडाकडे बघत होता.

"बाईमाणसाने प्रत्येक गोष्टीला का विचारू नये," बारवाला म्हणाला आणि निघून गेला. लेक त्याच्या पाठीमागे काही म्हणाली असेल. त्याने वळून पाहिले नाही, त्यामुळे ते त्याच्यापर्यंत पोहोचले नाही.

दुसऱ्या दिवशी सूर्य खाणीच्या कडेवर आला तेव्हा तो घण घेऊन आत उतरला. त्याचा विचार साधा होता: सळयाच उरल्या नाहीत तर भोक कशाला लागेल? पहिला घाव त्याने दुपारच्या किड्यावर घातला. सळई मुळाशी वाकली, थरथऱ्या फुटून त्याच्या तारा बाहेर आल्या. मग दुसरी, तिसरी. तो ओळीने जात होता, पूर्वी भोके भरायला जाई तसाच, एकही न चुकवता. घणाचा हादरा दर वेळी दातांपर्यंत येत होता आणि त्याला त्याचे बरे वाटत होते. तेवीस सळया झाल्यावर कोणीतरी मागून मिठी मारली. त्याने वळून न पाहता दांडा मागे हाणला. मिठी सुटली. टोळ खाली बसला होता, तोंडावर हात, आणि बोटांमधून रक्त. त्याने ओंजळीत दोन दात थुंकले आणि त्यांच्याकडे बघत राहिला, जणू ते दुसऱ्या कोणाचे होते.

लेक धावत आली. तिने ओळ पाहिली. ती रडली नाही. तिने एक वाकडी सळई उचलली आणि बापाच्या नडगीवर मारली, मग पाठीवर, मग पुन्हा पाठीवर. तिचे तोंड उघडझाप करत होते, पण इतक्या वेगाने की त्याला एकही शब्द वाचता येईना. त्याने तिच्या तोंडात मारली. तिचे डोके खडकावर आपटले आणि कानामागून रक्ताची रेघ गळ्यावर उतरली.

त्याने घरात याआधीही हात उचलला होता. कान जात होते त्या वर्षांत सगळ्यांत जास्त. बायको काही विचारी, त्याला कळत नसे, ती पुन्हा विचारी, आणि तो मारी. ऐकू येत नाही हे सांगण्यापेक्षा मारणे सोपे होते. खाण बंद पडल्यावर बहिरेपण उघड झाले, कान नुकतेच गेले असे सगळ्यांनी धरले, आणि तो थांबला. तेव्हापासून घरात एक शिस्त होती, कोणी न ठरवलेली: त्याच्याशी बोलताना त्याच्याकडे तोंड करायचे. बायको भाजी चिरत असली तरी विळी सोडून वळे, मग बोले.

आताही ती तशीच बोलली, त्याला घरी आणून मागच्या खोलीत बसवल्यावर. समोर बसून, एकेक शब्द सुटा करून.

"लाज कशी वाटत नाही तुम्हाला? पोरीनं दोन वर्षं उन्हात काढली. कोणासाठी?"

त्याने ठेचलेली नडगी चोळली.

"माझ्या भावाचं रक्त त्या भिंतीवर आहे. आठ वर्षं मी तिकडं तोंड केलं नाही. पोरीसाठी परवा गेले. त्या खडकाला हात लावून उभी राहिले. तुम्हाला एवढंही सोसवत नाही? तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून दुसऱ्या कोणी काही करायचंच नाही?"

"अगं, त्या भोकात…"

"काय त्या भोकात?"

तिचे डोळे त्याच्यावर होते, थकलेले, पण अजून ऐकून घ्यायला तयार असलेले. ती नजर गेली तर मग घरात उरते काय?

"काही नाही," तो म्हणाला.

दारात लेक उभी होती, कानामागे फडके दाबून. "एक सळई राहिलीये, बाबा. तुमच्या पाठीत घातली ती. सरळ करून घेतलीये मी. ती त्याच भोकात बसवणार. उद्या नाही, आज. टोळकाकांना ड्रिल धरवत नाही, तर मी धरीन." मग ती आईला म्हणाली, "कडी लाव गं बाहेरून."

कडी लागलेली त्याला चौकटीच्या हादऱ्यावरून कळली. तो पलंगावर बसला. त्याला वाटले, मुलगी आहे, ड्रिल तिला पेलणार नाही. वाटले, दारू आठ वर्षांची आहे, सर्दावली असेल. पण जुनी दारू माणसासारखीच असते, म्हातारी होते तशी चिडखोर होते, हे नव्या पोरांना तोच शिकवत आला होता. एवढ्यात तांब्यातल्या पाण्यावर बारीक वर्तुळे उमटू लागली. तळपायांखाली फरशी गुरगुरत होती. ड्रिलला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर सुरू झाला होता.

त्याने दारावर दोनदा खांदा मारला, दार हलले नाही. मग पलंगाची लोखंडी पट्टी उपसून खिडकी फोडली आणि काचांवरून स्वतःला बाहेर ओढले. कोपरापासून मनगटापर्यंत हात चिरला गेला. खाणीची वाट दोनशे पावलांची होती, उताराची. तो दोनदा पडला.

लेक पूर्वेच्या भिंतीपाशी होती. ड्रिल छातीशी, पाय फाकवून, टोळाने शिकवले असेल तसे. भोकातून पांढरी भुकटी उडत होती. तोंडाला फडके बांधलेला टोळ बाजूला हवेची नळी धरून उभा होता आणि आणखी दोन गडी कॉम्प्रेसरपाशी होते. लेकीच्या कानांवर आवाज अडवणाऱ्या जाड टोप्या होत्या.

तो ओरडला. आपण किती मोठ्याने ओरडतो आहोत हे त्याला कळत नव्हते. छाती फाटेल इतके ओरडला. कोणीही वळले नाही. कॉम्प्रेसरपुढे त्या क्षणी त्या खाणीत सगळेच त्याच्यासारखे होते. ड्रिलचे पाते आणखी बोटभर आत गेले.

त्याने मुठीएवढा दगड उचलला. तीस पावले होती. डोके टाळायचे, एवढेच त्याने ठरवले, आणि फेकला.

दगड तिच्या उजव्या हातावर, ड्रिलच्या मुठीवरच लागला. ड्रिल पडला, सुटलेली नळी सापासारखी वळवळू लागली. लेक हात पोटाशी धरून गुडघ्यांवर कोसळली. तिचे तोंड उघडे होते. मधले बोट आणि त्याच्या शेजारचे बोट भलत्याच दिशेला वळले होते. माइकचा आवाज ती याच बोटांनी केसभर इकडे, केसभर तिकडे करून लावत असे.

गडी त्याच्यावर तुटून पडले. एकाने खाली पाडले, दुसऱ्याने बरगडीत लाथ घातली. टोळाने, ज्याने वीस वर्षे त्याच्या फडक्यावर भरवसा ठेवला होता, त्याच्या तोंडावर बूट मारला. बारवाला मातीत तोंड खुपसून तेच तेच बोलत होता, पण रक्त आणि खडी तोंडात असताना ते शब्द होत नव्हते. लाथा थांबल्या तेव्हा त्याने मान वर केली. लेक समोर होती. तिने डाव्या हाताने कानांवरच्या टोप्या काढून फेकल्या होत्या. कॉम्प्रेसर कोणीतरी बंद केला असावा. जमीन शांत होती.

"बोला," ती म्हणाली. एकच शब्द, नीट, त्याच्याकडे तोंड करून.

"भरलेलं आहे. टोपीसकट. अकरावं आहे ते."

टोळाचा पाय उचललेला होता, तो तसाच राहिला. त्या खाणीत या वाक्याचा अर्थ लगेच कळणारा तो एकटाच होता. त्याने भोकाकडे पाहिले, मग मुलीकडे, आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

"उस्ताद, तुम्ही अकरा मोजले होते."

"मोजले."

"आम्हाला सांगितलंत, अकरा ऐकले."

"एकही ऐकला नव्हता," बारवाला म्हणाला. "त्याच्या आधी दोन वर्षं एकही नाही. नऊ उडाले होते. त्याच्या खिशात काही नव्हतं. सिगारेट नव्हती. तो दहाव्यावर गेला."

टोळ आता त्याच्याकडे बघत नव्हता. त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत होता. बारवाल्याने वळून पाहिले. फुटलेली खिडकी पाहून बायको मागोमाग धावत आली असणार. ती सात-आठ पावलांवर उभी होती, एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. ती केव्हापासून उभी होती हे त्याला विचारावे लागले नाही.

सरकारी पथक दुपारी आले. त्यांनी सगळ्यांना रस्त्यापलीकडे नेले. दवाखान्यात जायला लेक तयार होईना; पट्टी बांधलेला हात गळ्यात अडकवून ती बांधावर बसून राहिली. पथकातला एक माणूस भोक तपासून आला आणि टोळाला म्हणाला, "पातं चार बोटं अलीकडे थांबलंय. नशीब समजा." टोळाने फडक्याआड जबडा चाचपला. दोन दातांच्या जागी आता फट होती.

बारवाला सगळ्यांपासून दूर उकिडवा बसला होता. पथक ते भोक दुरून उडवणार होते; त्याने तळहात जमिनीला लावला. पूर्वेची भिंत फुगल्यासारखी झाली, तिच्या पोटातून काळा-पांढरा लोट निघाला, आणि मग हादरा आला, दांडग्या जनावराने खालून धडक द्यावी तसा. झुडपे मुळांसकट खाली गेली. भिंतीपाशी पडलेली लेकीची शेवटची सळई वर उडून उन्हात एकदा चमकली आणि खडीत पडली. नंतर शिळा कोसळल्या. एक, आणि थोड्या वेळाने दुसरी. त्याच्या तळहाताला तिन्ही हादरे सारखेच लागले.

लेक त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "किती?" तिने विचारले.

त्याने तिच्या पायांकडे पाहिले नाही. भिंतीकडेही पाहिले नाही. "मला कळलं नाही," तो म्हणाला.

तिने मान हलवली. ती क्षमा नव्हती, पण ती मान त्याच्यासमोर उभी राहून हलवलेली होती.

मग ती आईकडे गेली. बायको बांधाच्या टोकाला उभी होती. तिने लेकीच्या हाताची पट्टी सारखी केली आणि काही बोलू लागली. बारवाला उठला, लंगडत तिच्या समोरच्या बाजूला गेला, कारण ओठ दिसले असते तर त्याने काहीही ऐकून घेतले असते, शिव्या, शाप, काहीही. तो समोर आला तशी ती वळली. तो पुन्हा फिरून आला. तिने पुन्हा त्याच्याकडे पाठ केली, सावकाश, घाई न करता, आणि बोलत राहिली.

तिसऱ्यांदा तो गेला नाही. जिथे होता तिथेच मातीत बसला. बायको बराच वेळ बोलत होती. लेकीचा चेहरा त्याला दिसत होता, पण लेक नुसती ऐकत होती. बायकोचे खांदे हलत होते. ती भावाविषयी बोलत होती, की त्याच्याविषयी, की नुसतीच रडत होती, हे पाठीवरून कळण्याजोगे नव्हते.